कोळ्याचे जाळे

मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, माझ्या मामांची भातखाचरे आहेत. गेल्या भाद्रपदात एका पहाटे आम्ही बांधावरून चाललो होतो. रात्री पाऊस उघडला होता आणि गवतावर दवाने भरलेली असंख्य जाळी चमकत होती. वाट मोकळी करावी म्हणून मी काठी उगारली, तोच मामा म्हणाले, “राहू दे रे. हे आपले बिनपगारी राखणदार.” त्या एका वाक्याने मला कोळ्याकडे पाहावयास लावले.

मराठीत मासे धरणारा तो कोळी आणि माशी धरणारा तोही कोळीच! मात्र या दुसऱ्याला सूत विकत आणावे लागत नाही. त्याच्या पोटाच्या टोकाशी बारीक नळ्या असतात. त्यांतून द्रवरूप रेशीम ओढले जाऊन त्याचा धागा होतो. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला पाय ६, कोळ्याला ८.

सर्व जाळी सारखी नसतात. बांधावरच्या गवतातले जाळे चादरीसारखे सपाट असून त्याच्या एका टोकाला नरसाळ्यासारखे बीळ असते. हे जाळे चिकट नसते. त्यावर किडा अडखळला, की बिळाच्या तोंडाशी बसलेला कोळी धावत येऊन त्याला धरतो.

झुडपांतले चाकासारखे जाळे निराळे. कोळी प्रथम एक धागा वाऱ्यावर सोडतो. तो पलीकडे अडकला, की पूल तयार होतो. मग चौकट, नंतर आरे आणि शेवटी गोल फेरे. आरे कोरडे, फेऱ्यांवर मात्र चिकट द्रवाचे सूक्ष्म थेंब असतात. या कोळ्याची नजर अधू असते. तो मध्यभागी आऱ्यांवर पाय ठेवून बसतो आणि धाग्यांच्या कंपनावरून भक्ष्य कोठे आहे ते ओळखतो. किडा निश्चल राहिला, तर आरे ओढून अंदाज घेतो. मग त्याला धाग्यात गुंडाळतो, विषारी दंश करतो आणि पाचकरस सोडून पातळ झालेले अन्न शोषून घेतो. पुष्कळ कोळी जुने जाळे खाऊन टाकतात व त्याच ऐवजातून नवे विणतात. काटकसर शिकावी ती यांच्याकडून!

आता मामांच्या वाक्याचा अर्थ सांगतो. ३ वर्षांपूर्वी त्यांनी इतरांचे पाहून सगळ्या खाचरांवर दोनदा कीटकनाशक फवारले. बांधावर एक जाळे उरले नाही. पुढे तुडतुडे आले आणि उभ्या भातात करपलेले गोल चट्टे पडले. यामागचे कारण शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. सरसकट फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळीही मरतात. मग वाचलेल्या तुडतुड्यांना रान मोकळे मिळते. तेव्हापासून मामा आधी भाताचे बुंधे तपासतात, तुडतुडे आणि कोळी दोन्ही पाहतात आणि मगच फवारणीचे ठरवतात.

मी काठी खाली घेतली. आम्ही बांध सोडून चिखलातून वळसा घालून गेलो. पाय भरले, पण जाळी तशीच राहिली.