संगणकाचे विरजण : पुनःप्राप्ती पेनड्राइव्ह तयार करण्याचा पाठ

दही लावणाऱ्या गृहिणीस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दूध कितीही चांगले असो, त्यात घालावयास आधीचे चमचाभर दही नसेल तर दही लागत नाही. म्हणून घुसळण्यापूर्वीच ती विरजणापुरते दही वाटीत काढून ठेवते. सगळे दही संपल्यावर विरजणाची आठवण झाली, तर वाटी घेऊन शेजारी जावे लागते. घरच्या संगणकाचेही तसेच आहे. तो चालू असताना त्याचे विरजण काढून ठेवणे हे अर्ध्यापाऊण तासाचे काम होय. तो बंद पडल्यावर मात्र त्याच संगणकावर ते करता येत नाही.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकाचा संगणक हा आता केवळ घरचा राहिलेला नाही. यू-डायसची माहिती, शिष्यवृत्ती परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या याद्या, प्रगतिपत्रके, शालेय पोषण आहाराचा हिशेब यांपैकी बरेचसे काम रात्री घरी बसून होते आणि त्याच्या प्रती त्याच यंत्रात राहतात. जळकोटसारख्या तालुक्यात संगणक अडला की पुष्कळांना तो उदगीरला किंवा लातूरला न्यावा लागतो. दुकानात बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : “फॉरमॅट मारावे लागेल, चालेल ना?” घाईत असलेला शिक्षक मान डोलावतो आणि एका वर्गाच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी कायमच्या जातात. वास्तविक पुष्कळ वेळा बिघाड फक्त संगणक सुरू होण्याच्या टप्प्यात असतो. आतील कागदपत्रे सुरक्षित असतात. कुलूप बिघडले म्हणून कोणी घर पाडीत नाही.

हा सुरू होण्याचा टप्पा प्रथम समजून घ्यावा. संगणक बंद असतो तेव्हा त्याची कार्यकारी स्मृती रिकामी असते. कोणताही कार्यक्रम चालवावयाचा तर तो डिस्कवरून उचलून त्या स्मृतीत आणून ठेवणारा दुसरा कार्यक्रम आधी चालू असावा लागतो. मग तो पहिला कार्यक्रम कोण आणतो? त्यासाठी मुख्य फळीवरील एका चिपमध्ये लहानसा कार्यक्रम कायमचा कोरलेला असतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. वीज मिळताच तो जागा होतो, स्मृती व कळफलक तपासतो आणि ठरलेल्या क्रमाने डिस्क, पेनड्राइव्ह इत्यादी साधनांकडे पाहत जातो. ज्या साधनावर आरंभक कार्यक्रम सापडेल त्याच्या हाती तो सूत्रे देतो व आरंभक विंडोजला स्मृतीत आणतो. या साऱ्या क्रियेस बूट करणे म्हणतात. स्वतःच्याच बुटांचे बंद ओढून स्वतःला वर उचलण्याची एक गमतीची कल्पना इंग्रजीत आहे, तिच्यावरून हे नाव पडले. आपले विरजण त्याहून समर्पक आहे, कारण ते प्रत्यक्षात शक्य तरी आहे.

या साखळीतील एखादी कडी तुटली की पडदा काळा राहतो, निळा होतो किंवा संगणक पुनःपुन्हा स्वतःच सुरू होत राहतो. विंडोजची सुधारणा चालू असताना वीज गेली की असे होण्याचा संभव असतो, आणि पावसाळ्यात वीज केव्हा जाईल हे खेड्यातील शिक्षकास सांगावयास नको. येथे कोणी विचारील की, विंडोजमध्ये दुरुस्तीची सोय असतेच, मग वेगळा पेनड्राइव्ह कशाला? सोय असते हे खरे. दोन-तीनदा सुरू होणे फसले की ती आपोआप पुढेही येते. परंतु ती त्याच डिस्कच्या एका लहान भागात ठेवलेली असते. तो भाग बिघडला की पेटीची किल्ली पेटीतच अडकल्यासारखे होते.

१९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगास याचा अनुभव आला. क्राउडस्ट्राइक या संस्थेच्या सुरक्षा-कार्यक्रमाची एक सदोष फाइल जगभर पोहोचली आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. विमानतळांवर रांगा लागल्या. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले. उपाय अगदी लहान होता : ती एक फाइल काढून टाकावयाची. पण संगणक सुरूच होत नसल्याने अनेक ठिकाणी दुरून काही करता येईना. प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जाऊन बसावे लागले. त्याकरिता मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हवरून चालणारे दुरुस्तीचे साधन त्याच आठवड्यात उपलब्ध करून दिले. घरगुती संगणकांवर तो कार्यक्रम सहसा नसतो, म्हणून घरे वाचली. परंतु बिघाडाची जात तीच होती.

आता कृतीकडे वळू. १६ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्यावा. तयारी करताना त्यावरील सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून शाळेच्या नोंदी ठेवलेला पेनड्राइव्ह या कामी कदापि वापरू नये. नवा घेणे उत्तम. विंडोज १० अथवा ११ मधील शोधपेटीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असे इंग्रजीत टंकलिखित करावे व ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ हा पर्याय उघडावा. संगणक परवानगी मागेल, ती द्यावी. पहिल्याच खिडकीत ‘बॅक अप सिस्टम फाइल्स’ या वाक्यापुढील चौकोनात खूण असू द्यावी. ती असल्यास याच पेनड्राइव्हवरून पुढे विंडोज नव्याने बसविता येते. नंतर यादीतून पेनड्राइव्ह निवडून ‘क्रिएट’ दाबावे. काम सावकाश चालते, कधी तासाहूनही अधिक लागतो. तोपर्यंत लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा आणि पेनड्राइव्ह उपसू नये.

काही शिक्षक दुसऱ्याच्या तयार पेनड्राइव्हवरील फाइली आपल्या पेनड्राइव्हवर नुसत्या उतरवून घेतात. या नकलेवर विसंबू नये. बूट होण्यासाठी आरंभक विशिष्ट जागी व विशिष्ट रचनेत असावा लागतो, आणि ती रचना वरील साधनच नीट करते.

तयार झालेला पेनड्राइव्ह त्याच दिवशी तपासून पाहावा. हे बहुतेक जण करीत नाहीत. संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावावा व वीज देताच बूट-यादीची कळ थोडथोड्या वेळाने दाबीत राहावे. डेल व लेनोव्हो यंत्रांत ती बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९. यादीत पेनड्राइव्हचे नाव निवडले की कळफलकाविषयी विचारणारा निळा पडदा येतो. तो दिसला म्हणजे पेनड्राइव्ह चालतो. तेथूनच यंत्र बंद करावे. चाचणीच्या दिवशी पुढील कशासही हात लावू नये.

प्रत्यक्ष बिघाडाच्या वेळी मात्र पुढे जावे लागते. ‘ट्रबलशूट’ व त्याखालील ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ येथे ‘स्टार्टअप रिपेअर’ हा पर्याय आहे. प्रथम तोच घ्यावा. तो आरंभाच्या साखळीपुरतेच काम करतो, कागदपत्रांस स्पर्श करीत नाही. सुधारणेनंतर लगेच संगणक बिघडला असेल तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ने ती मागे घेता येते. ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ हा पर्याय मात्र अगदी शेवटचा समजावा, कारण त्याने आपली सर्व कागदपत्रे जातात. दुकानातील फॉरमॅट व हा पर्याय यांत परिणामाच्या दृष्टीने फारसा भेद नाही.

त्या शेवटच्या उपायाकडे वळण्यापूर्वी फाइली बाहेर काढण्याची एक युक्ती आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबावे. नोटपॅडच्या ‘फाइल’ यादीतील ‘ओपन’ दाबले की डिस्कमधील फोल्डर दिसू लागतात. खालच्या पेटीत ‘ऑल फाइल्स’ निवडावे, हवे ते फोल्डर उजव्या कळीने कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करावे. ज्या डिस्कला एरवी ‘सी’ म्हणतात ती येथे ‘डी’ या नावाने दिसण्याचा संभव असतो. प्रत उतरत असताना खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाबरून वीज बंद करू नये. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यांपैकी काहीच न करता यंत्र तत्काळ बंद करावे. ते काम जाणकाराचे आहे.

अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्क कूटबद्ध असते आणि ती उघडण्यास बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते. संगणक चालू आहे तोवरच खात्यात पाहून ती वहीत उतरवून ठेवावी. किल्लीवाचून तयार पेनड्राइव्हही आतील कागदपत्रांपर्यंत पोहोचवू शकत नाही.

ज्यांचा संगणक आधीच बंद पडला आहे त्यांनी शेजारच्या शिक्षकाचा संगणक वापरून मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर स्थापना-साधन तयार करावे. त्यातही दुरुस्तीचा पर्याय असतो. ‘इन्स्टॉल’ न दाबता तो शोधून घ्यावा, एवढेच पथ्य. विंडोज १० ला नियमितपणे मिळणाऱ्या विनामूल्य सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तथापि जुन्या यंत्राच्या दुरुस्तीसाठी त्या आवृत्तीचे साधन उपयोगी पडतेच. ज्या यंत्रांत विंडोज ११ बसत नाही त्यांच्यासाठी सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही भारतीय प्रणालीही विचारात घ्यावी.

पेनड्राइव्हला सुतळीने चिठ्ठी बांधून तीवर संगणकाचे नाव, तयार केल्याची तारीख व बूट-यादीची कळ लिहावी. विरजण शिळे होते तसा हाही जुना होतो. वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीत, तो नव्याने तयार करावा. तो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये, कपाटात ठेवावा. किल्लीचे ४८ अंक मात्र त्या चिठ्ठीवर लिहू नयेत. ते वहीतच असू द्यावेत.