सगळ्यांना झेपेल असा मुक्काम निवडा

प्रश्न : पुण्याहून आम्ही बाराजण (वय 24 ते 58) मे महिन्यात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला जायचं म्हणतोय. तंबूत राहायचंय. आखणी कशी करावी?

उत्तर : आधी परवान्याचं बघा. उद्यानात शिरायला तो लागतोच. प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा, आणि गाइड, पोर्टर तिथल्या तीर्थन खोऱ्यातलेच घ्या. दिल्ली-मनाली बसने आलात तर औटला उतरा. तिथून बंजारमार्गे गुशैनी. चाल तिथून पुढे.

गुशैनी ते रोल्ला साधारण 10 किलोमीटर, नदीच्या काठाकाठाने. खरी मेख पुढे आहे. रोल्ला सुमारे 2100 मीटरवर, त्याच्या वरचा मुक्काम शिल्ट 3000च्या पुढे, आणि मधला चढ छातीवरचा. तुमच्यात अठ्ठावन्न वर्षांचं माणूस आहे, तेव्हा मी तरी मुक्काम रोल्लालाच दोन रात्री ठेवेन. ज्यांना हौस आहे त्यांनी मधल्या दिवशी गाइडबरोबर वर जाऊन यावं, दुपारी ठरल्या वेळी जिथे असतील तिथून मागे फिरावं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर गोळी घेऊन वर रेटायचं नाही, खाली यायचं.

गॅसचा कॅन विमानात किंवा रेल्वेत चालत नाही. तिथल्या माणसांनाच सांगून ठेवा. घरून मेतकूट, तूप, सुकी चटणी न्या. दमलेल्या बाराजणांना मऊ भात पुरतो. स्पीकर मात्र घरी ठेवा. मोनाल पक्षी बघायला जाताय ना?