संमेलनाचे फोटो आणि ५० मिमीची लेन्स

स्नेहसंमेलनाचे फोटो हललेले का येतात? दोष केवळ हाताचा नसतो. रंगमंचावर उजेड कमी असतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५० मिमीवर तिच्या छिद्राचा व्यास ५० ÷ ५.६, म्हणजे सुमारे ९ मिमी. झूम नसलेल्या, एफ १.८ च्या प्राइम लेन्सचा व्यास सुमारे २८ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून प्रकाश जवळजवळ दहापट! १/१० सेकंदाऐवजी १/१०० सेकंद पुरतो.

एफ १.४ मध्ये प्रकाश आणखी दीडपटीहून थोडा जास्त. किंमत मात्र बरीच अधिक.

पालकांनो, खरेदीआधी मागचे फोटो किती मिमीवर काढले ते संगणकावर पाहा. बहुतेक शंभराच्या पुढचे असतील, तर ५० मिमीसाठी पुढे बसावे लागेल. लेन्स आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी घ्या. एफ १.८ वर फोकसची खोली फार कमी असते, सराव हवाच. मूल त्या नाटकात एकदाच उभे राहते.

स्वाध्याय : ५० मिमी लेन्सचा एफ २.८ ला छिद्रव्यास किती?