रोज रात्री तीन ओळी



दिवसभरात दहा कामं नीट होतात, एक बिघडतं. रात्री जेवताना आपण बोलतो कशाबद्दल? त्या एकाबद्दलच! मनाला वाईट चटकन चिकटतं, चांगलं निसटून जातं. म्हणून चांगलं टिपायची सवय मुद्दाम लावावी लागते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही लोकांनी एक आठवडा रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहिलं. सहा महिन्यांनीसुद्धा त्यांचं समाधान वाढलेलं आणि उदासी कमी झालेली दिसली. ज्यांनी आठवड्यानंतरही लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त लाभ झाला.

आमच्या सासूबाई पडून अंथरुणाला खिळल्या, तेव्हा घरात नुसती चिडचिड होती. आम्ही वही घेतली. पहिले दोन दिवस 'चहा छान झाला' एवढंच सुचलं. पाचव्या दिवशी लिहिलं, 'आजी पोटभर जेवल्या.' का? तर सुनेने ऑफिसला जायच्या आधी त्यांच्यासाठी मऊ भात करून ठेवला होता. तिथे आमचा हात थांबला. सहा वर्षांत तिच्या उशिरा उठण्यावर कितीदा बोललो. तिच्या मायेबद्दल एकदाही नाही. त्याच रात्री तिला ती ओळ वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, नुसती शेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी वहीत तिच्या अक्षरात एक ओळ होती: 'आईंनी मनातलं सांगितलं. त्याला मोठेपणा लागतो.'

तेव्हा कळलं, खरं काम त्या 'का' मध्ये आहे. गुण तिथेच सापडतो.

या आठवड्याचा अभ्यास:
१. वही उशाशी ठेवा. झोपण्याआधी तीन गोष्टी लिहा, लहानशा असल्या तरी चालतील.
२. प्रत्येकीपुढे 'का' लिहा. त्यात दिसलेल्या गुणाला नाव द्या: चिकाटी, माया, विनोदबुद्धी. स्वतःचा गुण लिहायला लाजू नका.
३. आठवड्यातून एकदा घरातल्या एकाला त्याचा गुण समोर बसून सांगा.

दुःख झाकण्यासाठी हे नाही. रडू आलं तर रडावं, आणि उदासी हटतच नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. पण एखादा दिवस चुकला म्हणून वही मात्र बंद करू नका.

आपल्या घरातलं चांगलं आपल्याच नजरेतून सुटू नये, हीच गुरुचरणी प्रार्थना.