खेळ घ्यावा काय?

पनवेलच्या एका पित्याने विचारले आहे: मुलाला ‘स्कायरिम’ हा संगणकीय खेळ घेऊन द्यावा काय? २०११ साली आलेला हा खेळ अमेरिकी मानांकनाने १७ वर्षे व त्यापुढील वयासाठी ठरविला आहे. मुलगा लहान असेल तर प्रश्न तेथेच संपतो. त्यातील कल्पित विश्वात देवतांच्या वेदीला स्पर्श करून आशीर्वाद मिळविता येतो. त्यावाचूनही खेळ पुढे सरकतो. तौहीदच्या अनुयायाने वेदी टाळावी. किंमत एकदाच जाते, तास मात्र शेकडो जातात; आणि प्रेषितवचनानुसार आयुष्य व संपत्ती दोहोंचा जाब द्यावयाचा आहे.

शरीअतने खरेदीदाराला ‘खियार’, म्हणजे सौदा मोडण्याचा अधिकार, दिला आहे. ‘स्टीम’वरही १४ दिवसांत, २ तासांहून कमी खेळले असल्यास, पैसे परत मागता येतात. मगरिबनंतर पित्याने मुलाशेजारी बसावे. इशाची अजान होताच तो स्वतःहून उठतो का, ते पाहावे.