फ्रेमच्या आत काय आहे, हे कसं ओळखायचं?

फ्रेममधले पहिले ६ बाइट घेणाऱ्याचा मॅक ॲड्रेस, पुढचे ६ पाठवणाऱ्याचा आणि त्यानंतरचे २ म्हणजे इथरटाइप. आतला माल कुणाच्या हातात द्यायचा, ते यावरून ठरतं. ०८०० म्हणजे आयपीव्ही४, ८६डीडी म्हणजे आयपीव्ही६, ०८०६ म्हणजे एआरपी. (आकडे हेक्साडेसिमल आहेत बरं का!)

याच जागी साध्या मोजणीत १५०० किंवा त्याहून कमी आकडा असेल, तर तो टाइप नव्हे, डेटाची लांबी. टाइप सुरू होतात १५३६ पासून. दोन पद्धती एकाच वायरवर नांदतात त्या यामुळेच.

८१०० दिसलं तर तो व्हीलॅनचा टॅग. खरा टाइप ४ बाइट पुढे सरकलेला असतो.

आता समजा, दुकानातल्या बिलिंगच्या पीसीवरून शेजारचा प्रिंटर पिंग होत नाहीये. वायरशार्क लावलं. प्रिंटरच्या आयपीसाठी ०८०६ च्या फ्रेम पुन्हा पुन्हा जातायत, उत्तर एकाचंही नाही, त्याच्या नावाची ०८०० तर निघतच नाहीये. म्हणजे पीसीला प्रिंटरचा मॅकच मिळालेला नाही. अशा वेळी फायरवॉल उकरत बसू नका. आधी केबल, स्विचचा पोर्ट, व्हीलॅन आणि प्रिंटरचा आयपी बघा.