जिभेला वेखंड लावून बोल फुटत नाहीत

“ह्याचा बाप चार वर्षांचा झाला तेव्हा बोलला. हाही बोलेल की!” हे वाक्य माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला ऐकू येतं. बहुतेक वेळा ते आजी म्हणतात, आणि शेजारी बसलेली आई तेव्हा मान खाली घालून पदराशी चाळा करत असते. तिला कधीचं काहीतरी खटकलेलं असतं, पण घरात तिचं कुणी ऐकलेलं नसतं.

गेल्या पावसाळ्यात सव्वादोन वर्षांची एक मुलगी आली. तोंडात एकही शब्द नाही. वेखंड उगाळून चाटवून झालं होतं, पोपटाने टोचलेला पेरू भरवून झाला होता, आणि कुणा भोंदूने जिभेखालचा पडदाही कापून दिला होता. ऐकू येतं का, असं विचारल्यावर आजी ठामपणे म्हणाल्या, “येतं तर! ताट आपटलं की लगेच वळते.” मी त्यांना मुलीच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही अशा जागी उभं केलं आणि हाक मारायला सांगितलं. त्यांनी पाच वेळा हाक मारली. मुलगी ठोकळे रचत राहिली. ताट आपटल्याचा हादरा फरशीतून पायाला कळतो, हाताची हालचाल डोळ्याच्या कडेला दिसते, म्हणून मूल वळतं. आणि घरच्यांना वाटतं, कान शाबूत आहेत. बेरा या श्रवण तपासणीत दोन्ही कानांचं तीव्र बहिरेपण निघालं. जिभेचा दोष कधी नव्हताच.

जन्मतः कमी ऐकू येणारी बाळं हजारामागे एक ते तीन असतात. पहिल्या महिन्यात कानांची प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू, असं त्याचं वेळापत्रक आहे. या मुलीचे दोन मोलाचे पावसाळे वेखंड उगाळण्यात गेले. वेखंडाने उलट्या होऊन बेजार झालेली बाळं मी पाहिली आहेत, त्यामुळे “त्याने काय नुकसान होतंय” हे मला ऐकवू नका. जीभ खाली चिकटलेली असेल तर अंगावर पिताना अडचण येऊ शकते, एखादा उच्चार अडू शकतो. पण त्यामुळे मूल मुकं राहत नाही.

भाषा कानातून आत येते, आणि तोंडातून बाहेर पडण्याच्या फार आधी येते. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळेनासा झाला होता. १९८४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. म्हणजे पहिला शब्द फुटायच्या आधीच कान घरच्या भाषेला बसलेला असतो. मग “बोलायला लागू दे, मग बघू” याला काय अर्थ राहिला?

“मोबाइलवरून वीसपर्यंत आकडे म्हणतो हो, सगळे रंग इंग्रजीत येतात,” असं सांगणारे पालक असतात, आणि नाव घेऊन हाक मारली तर तोच मुलगा मान वळवत नाही. ती पाठांतराची फीत आहे, बोलणं नव्हे. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळांनी ते ध्वनी उचलले. तेच पडद्यावर दाखवलं तर काहीच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून पडदा दाखवू नका, असं सांगितलं आहे. जेवताना मोबाइल समोर धरण्यापेक्षा काऊचिऊचा घास भरवा. त्यात तुमचा चेहरा असतो, बाळाची पाळी असते.

या देवाणघेवाणीतूनच त्याला ‘मी’ सापडतो. हा शब्द मोठा अवघड आहे. आई स्वतःला ‘मी’ म्हणते, बाबाही म्हणतात, आणि बाळाला मात्र सगळे ‘तू’ म्हणतात. म्हणून दोन वर्षांचं मूल “तुला पाणी पायजे” म्हणून स्वतःसाठी पाणी मागतं, किंवा स्वतःचं नाव घेऊन “चिनूला भुर्र” म्हणतं. घाबरू नका. दीड ते दोन वर्षांच्या सुमाराला नाकावर नकळत कुंकू लावून मुलाला आरशासमोर नेलं, तर त्याचा हात आरशाकडे न जाता स्वतःच्या नाकाकडे जायला लागतो. याच सुमाराला “नाही” आणि “माझं” सुरू होतं, आणि आया तक्रार घेऊन येतात की हट्टी झालाय. अहो, मूल स्वतःला ओळखायला लागलंय!

मराठीत तर क्रियापदातही ‘मी’चं लिंग येतं. दिवसभर आई-आजीजवळ असणारा मुलगा “मी जाते” म्हणतो आणि घरातले हसतात, कुणी दटावतात. कृपा करून दटावू नका. “तू जातोस? चल, मीही येते,” एवढं म्हणा. कानावर पडत राहिलं की तो आपोआप सुधारतो. बोबडं बोलणं, तिसऱ्या वर्षी शब्दांवर अडखळणं, घरात मराठी आणि शेजारी हिंदी असणं, यांचाही धसका नको. आणि शाळेसाठी म्हणून घरात मोडक्या इंग्रजीत बोलू नका; ज्या भाषेत तुम्ही हसता-रडता, त्याच भाषेत मुलाशी बोला.

पालक नेमके अशा गोष्टींसाठी धावत येतात, आणि जिथे खरंच यायला हवं तिथे वाट बघत बसतात. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, बा-बा दा-दा करत नसेल, आकाशातल्या विमानाकडे बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघत नसेल, तर या. त्या बोटाकडे मी फार लक्ष देते. ‘मला दिसलं ते तुलाही दिसू दे’ हे त्यात असतं, आणि शब्द त्याच वाटेने येतात. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत “आई ये”, “दूध संपलं” असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर या. तिसरं वर्ष उलटूनही तू-मी उलटंसुलटंच असेल आणि जोडीला ऐकलेलंच पुन्हा पुन्हा म्हणत असेल, नजर टाळत असेल, तरी या. येत असलेले शब्द गेले, तर त्याच आठवड्यात या, वय कितीही असो. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण हा फरक महिन्या-दोन महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे.

पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्यांना सांगा. ते मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात आणि तिथे तपासणी मोफत होते. मुंबईत वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे. कुठेही गेलात तरी आधी कान तपासून मागा.

आणि येताना आजींना नक्की घेऊन या. त्या मुलीच्या आजी आता रोज सकाळी तिच्या कानात यंत्र घालतात, समोर बसतात आणि चुलीवर काय शिजतंय ते सगळं तिला सांगतात.